चिनी शिष्टाचार आणि पाहुण्याची घोकंपट्टी

चीन देशास व्यापारासाठीं, विद्येसाठीं किंवा नुसत्या प्रवासासाठीं जाणाऱ्या मंडळींच्या हातीं हल्लीं एक नवी पोथी पडत असते. तींत अमुक करावें, तमुक करूं नये, अशी विधिनिषेधांची माळ ओंविलेली असते. जेवणाच्या काड्या भाताच्या वाडग्यांत उभ्या खोंचूं नयेत; घड्याळ भेट देऊं नये; चाराचा आंकडा टाळावा; नांवाचें कार्ड दोन्ही हातांनीं द्यावें व दोन्ही हातांनीं घ्यावें; मिळालेली भेट देणाऱ्यादेखत उघडूं नये. एवढें पाठ केलें म्हणजे चिनी माणसाच्या अंतःकरणाची किल्ली आपल्या खिशांत आली, असें आश्वासन ही पोथी वाचकांस देते. आमचें म्हणणें असें कीं, ही पोथी पाहुण्यास शहाणा करीत नाहीं. ती त्यास एक तर भित्रा करते, नाहीं तर धूर्त.

पोथींतील नियम खोटे आहेत असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. भातांत उभ्या खोंचलेल्या काड्या मृतांपुढें लावलेल्या उदबत्त्यांसारख्या दिसतात. 'घड्याळ भेट देणें' ह्या चिनी शब्दांचा उच्चार 'मरणाऱ्याची अखेरची सेवा करणें' ह्या शब्दांसारखाच होतो. आणि 'चार' व 'मरण' ह्यांच्या उच्चारांत केवळ स्वराच्या चढउताराचा फरक आहे. ज्या घरांत निघतांना 'जातों' न म्हणतां 'येतों' म्हणतात आणि बांगडी फुटली तरी ती 'वाढली' असेंच बोलतात, त्या घरांतील वाचकांस ह्यांत हंसण्यासारखें कांहीं आढळूं नये. पोथी मात्र हीं कारणें एक तर गाळते, किंवा गंमत म्हणून कोपऱ्यांत टांकते. परिणाम असा होतो कीं, घड्याळ न नेणारा पाहुणा मोठ्या विश्वासानें नासपती घेऊन जातो, आणि ती चिरून यजमानाशीं वांटून खातो! 'नासपती वांटून घेणें' व 'ताटातूट होणें' ह्यांचाही उच्चार एकच आहे, हें त्याच्या यादींत नव्हतें. उलट, चिनी कान शब्दाच्या नादांतही शुभाशुभ ऐकतो, एवढी एकच गोष्ट ज्यास कळली, त्याची यादी अपुरी असली तरी अडत नाहीं. तो आधीं विचारून घेतो.

दुसरें उदाहरण रोजच्या व्यवहाराचें घ्या. 'जेवलांत का?' हें चीनमधील जुन्या पिढीचें क्षेमकुशल आहे. त्यावर दुपारच्या जेवणाचा वृत्तांत अपेक्षित नसतो. भेट पुढें केली कीं घेणारा दोनतीनदां नको म्हणतो. खाणावळींत पैसे कोणीं द्यावे ह्यावरून दोन स्नेह्यांत झोंबाझोंबी होते. ज्येष्ठाच्या पेल्यास पेला लावतांना धाकटा आपल्या पेल्याची कड खालीं धरतो. चहा ओततांना स्वतःचा पेला शेवटीं भरतात. दाराकडे तोंड असलेली मानाची जागा पाहुण्यास देतात. हे पांच निरनिराळे नियम नव्हेत. दुसऱ्यास वर बसवून आपण एक पायरी खालीं राहावें, ही एकच वृत्ति पांच ठिकाणीं प्रकट झाली आहे. ती ज्यास दिसली नाहीं, तो पहिल्या 'नको'सरशी भेट परत पिशवींत घालतो, आणि यजमान खट्टू कां झाला ह्याचें उत्तर पोथींत शोधीत बसतो.

ह्यावर एक पक्ष म्हणतो कीं, हा खटाटोपच नको. शांघायसारख्या शहरांतील कित्येक तरुण ह्यांतील पुष्कळ गोष्टी स्वतःच मानीत नाहींत, आणि परक्याच्या चुका चिनी लोक बहुधा हंसून सोडून देतात. मग आम्हींच कां वाकावें? विधानें दोन्ही खरीं आहेत. निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. क्षमा करणें हा यजमानाचा गुण आहे, तो पाहुण्याचा हक्क नव्हे.

वाकण्याचा हा वाद जुनाच आहे. १७९३ सालीं इंग्लंडच्या राजाचे वकील लॉर्ड मॅकार्टनी चिएनलुंग बादशहाच्या भेटीस गेले, तेव्हां तीनदां गुडघे टेकून नऊ वेळां कपाळ जमिनीस लावण्याचा दरबारी विधि त्यांस मान्य झाला नाहीं. ते एकच गुडघा टेकून राहिले. १८१६ सालीं लॉर्ड ॲम्हर्स्ट तर ह्याच वादापायीं बादशहाची भेट न होतांच परतले. तो विधि मांडलिकत्वाचें चिन्ह समजला जाई, म्हणून त्या नकारास कांहीं अर्थ तरी होता. पण त्या वकिलांनीं वाकण्याची किंमत मोजून नकार दिला, आणि आजचा पोथीनिष्ठ व्यापारी तीच किंमत मोजून, मोठा करार पदरांत पडावा म्हणून, वाकतो. हिशेबाची वही दोघांची एकच! यजमानास हें कळत नाहीं असें समजणें, हाच खरा अनादर होय.

दुसरी शंका अधिक प्रामाणिक आहे. परक्यांच्या रीतीस इतकें लागल्यावर आपला नेम राहील कसा? शाकाहारी व मद्य न शिवणारा गृहस्थ 'कान्पेइ' म्हणून पेला रिकामा करण्याच्या आग्रहापुढें काय करील? पोथी वाचणारा भिऊन पितो, किंवा तुटकपणें नाहीं म्हणतो. परंतु 'मद्याऐवजीं चहा' ही वाट चिनी शिष्टाचारानेंच मोकळी ठेविली आहे. चहाचा पेला दोन्ही हातांनीं उचलून यजमानाचें अभीष्ट चिंतिलें कीं कोणाचाच मान जात नाहीं. शाकाहारासही 'सू' हा त्यांचा स्वतःचा शब्द आहे, आणि बौद्ध मठांच्या पाकशाळांत त्याची परंपरा फार जुनी आहे. आपला नेम त्यांच्या भाषेंत सांगतां येण्याइतकें जो शिकला, त्यास तो मोडावा लागत नाहीं.

असें शिकणें म्हणजे काय, ह्याचा धडा एका चिनी पाहुण्यानेंच आपल्या देशांत घालून दिला आहे. इ. स. ६७१ मध्यें समुद्रमार्गें निघालेला भिक्षु इत्सिंग नालंदेस सुमारें दहा वर्षें राहिला. दांतवण कसें करावें, भोजनापूर्वीं हात कसे धुवावे, उष्टें कशास म्हणतात, बसावें कसें, हें त्यानें बारकाईनें लिहून ठेविलें, आणि त्यांतून आपल्या देशबांधवांनीं काय उचलावें तेंही स्पष्ट सांगितलें. आमच्या बाजूनें ह्याची परतफेड सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांनीं केली. १९३८ सालीं चीनला गेलेल्या पांच हिंदी डॉक्टरांपैकीं ते एक. ह्या पांचांनींही शेवटीं 'ह्वा', म्हणजे चीन, हें अक्षर असलेलीं चिनी नांवें धारण केलीं. कोटणीस चिनी भाषा शिकले, १९४१ सालीं क्वो छिंगलान ह्या परिचारिकेशीं विवाहबद्ध झाले, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजीं, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षीं, जखमी सैनिकांची सेवा करतां करतां तेथेंच वारले. त्यांचें नांव तेथें आजही आदरानें घेतलें जातें, तें त्यांस काड्या नीट धरतां येत म्हणून नव्हे.

तेव्हां प्रवासास निघणाऱ्या बंधुभगिनींस आमची विनंति इतकीच कीं, पोथी अवश्य चाळा, पण तिला प्रमाण मानूं नका. चिनी भाषेचे शेंदोनशें शब्द शिका, आणि जी रीत कळत नाहीं तिच्याविषयीं 'असें कां?' म्हणून यजमानासच मोकळेपणानें विचारा. ज्या पाहुण्यास शिकण्याची लाज वाटत नाहीं, त्यास शिकविण्याचा कंटाळा करणारा यजमान चीनमध्येंच काय, कोठेंही विरळाच.