स्वयंपाकघरातील शब्दांचे कूळ

इंग्रजी शब्दाचा अर्थ पाठ केला म्हणजे तो शब्द आपलासा झाला, अशी पुष्कळ विद्यार्थ्यांची समजूत असते. आमच्या मते शब्दाचे कूळ ठाऊक झाल्यावाचून त्याची खरी ओळख पटत नाही. आणि कूळ कळले म्हणजे शब्दांविषयीचा पोकळ अभिमान व खोटी लाज ही दोन्ही गळून पडतात. रोजच्या जेवणातील काही शब्द घेऊन हे पाहू.

मेंढी रानात चरत असते तोवर इंग्रजीत ती ‘शीप’. ताटात आली की ‘मटन’. एकाच प्राण्याला ही दोन नावे का? सन १०६६ मध्ये फ्रान्सातील नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम याने इंग्लंड जिंकले. तेव्हापासून दरबारात व श्रीमंतांच्या पंक्तीत फ्रेंच भाषेचा मान वाढला. कळप राखणारा मात्र आपली इंग्रजीच बोलत राहिला. फ्रेंच भाषेत जिवंत मेंढी व तिचे मांस या दोहोंस एकच शब्द आहे. तोच इंग्रजीत येऊन ‘मटन’ झाला. सर वॉल्टर स्कॉट यांनी १८१९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘आयव्हॅन्हो’ कादंबरीत एका विदूषकाच्या तोंडून असाच भेद मार्मिकपणे वदविला आहे. अर्थात ही वाटणी एका दिवसात झाली नाही. पुढेही कित्येक शतके जिवंत मेंढीला ‘मटन’ म्हटल्याची उदाहरणे इंग्रजीत सापडतात. तथापि राबणाऱ्याचा शब्द गोठ्यात राहिला आणि जेवणाऱ्याचा शब्द पंक्तीत बसला, हे खरेच.

आता दुसरी जोडी पाहा. ‘किचन’ हा शब्द साधा आणि ‘क्विझीन’ हा भारदस्त, असे आपल्याला वाटते. वस्तुतः स्वयंपाकघर या अर्थाच्या एकाच लॅटिन शब्दाच्या या दोन लेकी होत. एक फार प्राचीन काळीच इंग्रजीच्या घरी येऊन चुलीपाशी राबली. दुसरी फ्रेंचांकडे वाढली आणि अठराव्या शतकात पाहुणी म्हणून इंग्रजीत आली. पाहुणीचा थाट मोठा, एवढेच. यावरून आम्ही म्हणतो की, कोणताही शब्द जन्माने उच्च वा नीच नसतो. बोलणाऱ्याच्या सत्तेने व संपत्तीने त्याला मोठेपणा येतो.

हल्ली काही मुलांना वर्गमित्रांदेखत ‘कालवण’ म्हणावयास संकोच वाटतो. ‘ग्रेव्ही’ म्हटले की प्रतिष्ठा राहते! वास्तविक ‘कालविणे’ या क्रियापदातून निघालेला हा शब्द आपली कृतीच सांगतो. त्यात लाजण्यासारखे काय आहे? पालकांनीही मुलांना अशा शब्दांवरून हसू नये.

परके शब्द टाकावेत, असे मात्र आमचे म्हणणे नाही. आपला ‘पाव’ पोर्तुगीजांबरोबर आला. त्याचे मूळ ‘भाकर’ या अर्थाचा ‘पानिस’ हा लॅटिन शब्द. त्याच मुळापासून फ्रेंचांच्या द्वारे इंग्रजीत ‘कम्पॅनियन’ हा शब्द आला. त्याचा मूळ अर्थ, एका भाकरीत वाटेकरी असलेला, म्हणजेच सोबती. ज्या भाषा एकमेकींच्या भाकरीत अशा वाटेकरी झाल्या, त्यांतील एकीच्या जोरावर दुसरीला हिणविणे सुशिक्षितास शोभत नाही. विद्यार्थ्यांनी प्रत्येक नव्या शब्दाला त्याचे गाव विचारावे, आणि घरच्या शब्दालाही तोच मान द्यावा.