पाऊलवाटांवर यंत्र : दुरुस्ती की रुंदीकरण?

सातारा / सांगली - सह्याद्रीच्या माथ्यावरील पाऊलवाटा प्रत्येक पावसाळ्यानंतर थोड्या अधिक खोल आणि थोड्या अधिक रुंद होत जातात. वाट खचली की चालणारा शेजारच्या गवतावरून जातो, दोन वर्षांत तेथेही माती उघडी पडते आणि एका वाटेच्या तीन वाटा होतात. अजिंक्यताऱ्यावरील सकाळचे फिरणारे, वासोट्याचे गिर्यारोहक आणि सागरेश्वरला येणारी सहलीची कुटुंबे यांची संख्या वाढत असताना या वाटांची निगा कोणी आणि कशाने राखायची, हा प्रश्न आता टाळता येण्याजोगा राहिलेला नाही.

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. वाटा गावकऱ्यांच्या होत्या. बाजारासाठी, देवासाठी, सोयरिकीसाठी त्या रोज तुडवल्या जात आणि ढासळलेला दगड जाता-येता कोणीतरी पुन्हा बसवत असे. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाने, पुढे १९८५ मधील कोयना अभयारण्याने आणि चांदोलीच्या राष्ट्रीय उद्यानाने यातील अनेक गावे उठली. गावे गेली, वाटा राहिल्या. त्या राखणारे हात मात्र राहिले नाहीत. वन खात्याचे मोजके वनरक्षक आणि हंगामी मजूर पहार, कुदळ, घमेले घेऊन जेवढे जमते तेवढे करतात. वर दगड पोहोचवण्यातच निम्मा दिवस जातो.

अशा वेळी यंत्राचा विचार होणे स्वाभाविक आहे. परंतु आपल्याकडे यंत्र म्हणजे जेसीबी. साडेसात-आठ टनांचे आणि दोन मीटरहून अधिक रुंद असलेले हे धूड वाटेवर चढले, की वाट उरत नाही, रस्ता होतो. रस्ता झाला की दुचाकी येते, मागोमाग चारचाकी येते आणि त्यांच्यासाठी टपरी येते. डोंगरपट्ट्यातील लोकांचा यंत्रावरचा अविश्वास या अनुभवातून आलेला आहे, तो अनाठायी म्हणता येणार नाही.

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला समुद्राच्या कड्यावरून सुमारे एक हजार किलोमीटरची पायवाट जाते. अशा वाटांच्या डागडुजीसाठी तिकडे रबरी पट्ट्यांवर चालणारी छोटी उत्खनन यंत्रे आणि तशाच पट्ट्यांच्या लहान मालवाहू गाड्या वापरल्या जातात. आपल्या बोलीत सांगायचे तर ‘मिनी पोकलेन’. वजन एक ते दोन टन आणि पट्टे आत घेतल्यावर रुंदी मीटरभर किंवा त्याहून कमी. वजन पट्ट्यावर पसरत असल्याने जमिनीवर पडणारा दाब उभ्या माणसाच्या पावलाखालच्या दाबापेक्षाही कमी असू शकतो. स्कॉटलंडच्या डोंगरात तर अशा यंत्राने वरची मऊ माती बाजूला काढून खालचा मुरूम वर आणतात आणि त्याचीच वाट बांधतात; बाहेरून खडी न्यावी लागत नाही.

हा दाबाचा हिशेब आकर्षक असला तरी अपुरा आहे. पट्ट्याचे यंत्र सरळ चालताना जमिनीला जपते. जागेवर वळताना मात्र तेच पट्टे माती खरवडून काढतात. आडव्या उतारावर ते कलंडण्याचा धोका असतो. शिवाय मीटरभर रुंदीच्या यंत्राला मीटरभर रुंद वाट लागतेच, आणि सह्याद्रीतील कित्येक वाटा तेवढ्याही नाहीत. यंत्रासाठी आधी वाट कापायची आणि मग यंत्राने ती दुरुस्त करायची, असा उफराटा प्रकार होऊ शकतो. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे डोंगर कोसळले. डोंगरउताराला कोठेही नवा छेद देताना ही नावे विसरता येत नाहीत.

सगळीकडे एकच नियम लावणेही चुकीचे ठरेल. कास पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात समाविष्ट झाले. सुमारे साडेआठशे प्रकारच्या सपुष्प वनस्पतींचा हा सडा जांभ्या खडकावरील काही बोटे जाडीच्या मातीवर उभा आहे. तेथे कुंपणाच्या तारेवरूनही वाद झाला आणि अखेर ती काढावी लागली. तेथे पट्ट्याचे यंत्र नकोच, कितीही छोटे असले तरी. सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्राबाबतही हेच म्हणावे लागेल. नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोबातील वाघीण चांदोलीत आणली गेल्यानंतर तेथील शांततेची किंमत आणखी वाढली आहे. वासोट्याला तर बामणोलीहून लाँचने जावे लागते; तेथे हाताने रचलेली दगडी पायरी हाच व्यवहार्य उपाय आहे.

याउलट सागरेश्वर आणि मिरजेजवळचा दंडोबा या सांगली जिल्ह्यातील कमी पावसाच्या टेकड्या. अकरा चौरस किलोमीटरहून थोडे लहान असलेले सागरेश्वर अभयारण्य मुळात माणसांनी उजाड डोंगरावर लावलेले जंगल आहे. तेथील आधीच रुंद असलेल्या वाटांवर दगड वाहण्यासाठी आणि बुजलेले चर मोकळे करण्यासाठी छोटे यंत्र उपयोगी पडू शकते. अजिंक्यताऱ्याच्या वाटांवरही ते तपासून पाहण्यास हरकत नसावी.

मजुरीचा प्रश्न निराळा. महाराष्ट्राच्या १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने डोंगरातील कामांना हात पुरवले. यंत्राने हातांची जागा घ्यायची, की दगड वर वाहून देऊन ते बसवणाऱ्या हातांचा भार हलका करायचा, हे आधी ठरले पाहिजे. दगडाचा चेहरा पाहून तो बसवणे यंत्राला जमत नाही.

खरी मेख देयकात आहे. यंत्राचे भाडे तासावर मोजले जाते आणि तासावर मोजलेले काम नेहमी खोदण्याकडे झुकते. डोंगरवाटेचा शत्रू पाणी आहे. ठराविक अंतरावर आडवे चर काढून ते वाटेबाहेर घालवणे, हीच दुरुस्तीची निम्मी कामगिरी असते. त्यामुळे मोजमाप तासांचे न ठेवता चरांचे ठेवावे, वाटेची कमाल रुंदी निविदेतच लिहावी आणि रकमेचा काही हिस्सा पहिला पावसाळा उलटल्यावर, चर शाबूत आहेत हे पाहूनच द्यावा. यासाठी नवा कायदा लागत नाही. ऑक्टोबरमध्ये वाट चालून पाहणारा एक अधिकारी पुरेसा आहे.