हळहळीच्या पुढे

संपन्न माणसाचा कळवळा बहुधा हळहळीपाशीच थांबतो. हिंगणघाटच्या जमीनदार घरात १९१४ साली जन्मलेले, नागपुरात कायदा शिकलेले बाबा आमटे त्यापुढे गेले. वरोऱ्यात भर पावसात त्यांना तुळशीराम हा कुष्ठरुग्ण दिसला: बोटे झडलेली, जखमांत अळ्या. ते घाबरून घरी पळाले. मग परत आले, बांबूचा आडोसा उभारला, त्याची शुश्रूषा केली. भीती घेऊनच आले, म्हणून या परत येण्याचे मोल मोठे. पुढे त्यांनी कोलकात्यात कुष्ठरोगावरील उपचारांचे शिक्षण घेतले. १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन झाली आणि वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर आनंदवन ही कुष्ठरुग्णांची वसाहत उभी राहिली; रुग्णांच्याच हातांनी तिथली विहीर खणली गेली, शेती पिकली. नागपूरहून आनंदवन साधारण शंभर किलोमीटरवर आहे; वाचकांनी तिथे जावे आणि एखाद्या कामाला हात लावावा.