प्रारंभिक जठरकर्करोगावरील एंडोस्कोपी उपचारांचे दीर्घकालीन परिणाम

जठराच्या आतील थरांपुरता मर्यादित असलेला कर्करोग पोट न उघडता, तोंडावाटे घातलेल्या दुर्बिणीच्या साहाय्याने काढून टाकण्याच्या पद्धती प्रामुख्याने जपान व दक्षिण कोरियात विकसित झाल्या. योग्य निवड केलेल्या रुग्णांत काढलेल्या गाठीमुळे पुढे मृत्यू ओढवण्याचे प्रमाण अत्यल्प आहे. मात्र जठर शाबूत राहत असल्याने त्यात नवा कर्करोग उद्भवण्याचा धोकाही शिल्लक राहतो.

पार्श्वभूमी

श्लेष्मल किंवा त्याखालील अधःश्लेष्मल स्तराच्या पलीकडे न गेलेल्या कर्करोगास ‘प्रारंभिक’ म्हणावे, ही व्याख्या जपानमध्ये १९६२ साली करण्यात आली. १९८०च्या दशकात तारेच्या फासाने गाठ कापण्याची पद्धत रूढ झाली; परंतु मोठ्या गाठी तुकड्यांनी काढाव्या लागत आणि त्याच जागी रोग उलटण्याची शक्यता राही. पुढे गाठीखाली द्रव टोचून तिला उचलून धरणे आणि भोवती छेद घेऊन ती अखंड सोलून काढणे शक्य झाले. ‘ईएसडी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीचा जपानच्या राष्ट्रीय आरोग्य विम्यात २००६ साली समावेश झाला.

रुग्णांची निवड

दुर्बिणीने लसीका ग्रंथी काढता येत नाहीत. म्हणून कर्करोग त्या ग्रंथींत पसरलेला नसण्याची खात्री हा या उपचाराचा पाया आहे. शस्त्रक्रिया झालेल्या ५,२६५ जपानी रुग्णांचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात श्लेष्मल स्तरापुरत्या, ३ सेंमीपेक्षा लहान आणि सुविभेदित (पेशींची रचना मूळ ग्रंथींशी मिळतीजुळती असलेल्या) अशा १,२३० कर्करोगांपैकी एकाचाही प्रसार लसीका ग्रंथींत आढळला नाही. अशा निरीक्षणांमुळे उपचाराचे निकष विस्तारले.

जगण्याचे प्रमाण

विस्तारित निकषांत बसणाऱ्या ४७० रुग्णांवरील जपानी चाचणीत (२०१८) पाच वर्षांनंतर ९७.० टक्के रुग्ण जिवंत होते. या आकड्यात कोणत्याही कारणाने झालेले मृत्यू धरले आहेत. हृदयविकार वा अन्य आजारांनी होणारे मृत्यू वृद्धांत अधिक असल्याने, एकूण जगण्याचे प्रमाण आणि जठरकर्करोगाने न दगावण्याचे प्रमाण वेगवेगळे वाचणे आवश्यक ठरते. जठर काढल्यानंतर उद्भवणारी वजनातील घट, आहारावरील मर्यादा व ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता एंडोस्कोपी उपचारात बहुतांशी टळते.

नव्याने उद्भवणारा कर्करोग

हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूमुळे दीर्घकाळ दाह सोसलेल्या जठरात अन्यत्रही कर्करोग उद्भवू शकतो. जिवाणूचे निर्मूलन केल्यास हा धोका कमी होतो काय, याची परीक्षा चाचण्यांतून झाली. २००८ सालच्या जपानी चाचणीत ५४४ रुग्णांपैकी निर्मूलन केलेल्या गटात ९, तर दुसऱ्या गटात २४ जणांना नवा कर्करोग झाला. २०१८ सालच्या कोरियन चाचणीत हे प्रमाण अनुक्रमे ७.२ व १३.४ टक्के होते. निर्मूलनाने धोका घटतो, संपत नाही. त्यामुळे दरवर्षी किंवा त्याहून कमी अंतराने एंडोस्कोपी तपासणीचा सल्ला दिला जातो.

अपुऱ्या उपचारानंतरचा निर्णय

काढलेल्या ऊतीच्या तपासणीत रोग अपेक्षेपेक्षा खोल किंवा रक्तवाहिन्यांत शिरलेला आढळल्यास सामान्यतः शस्त्रक्रिया सुचवली जाते. २०१७ साली मांडलेल्या ‘ईक्युरा’ गुणांकन पद्धतीनुसार अशा रुग्णांत लसीका ग्रंथींतील प्रसाराचे प्रमाण कमी जोखमीच्या गटात २.५, मध्यम गटात ६.७ आणि उच्च गटात २२.७ टक्के आढळले. कमी जोखमीच्या वयोवृद्ध रुग्णात शस्त्रक्रियेचा धोका रोगाच्या धोक्याहून मोठा असू शकतो. अशा वेळी केवळ देखरेख हाही विचारपूर्वक घेतलेला निर्णय ठरतो.

व्याप्ती व मर्यादा

या उपचाराचा लाभ रोग वेळेत सापडण्यावर अवलंबून आहे. दक्षिण कोरियात ४० वर्षांपुढील नागरिकांची दर दोन वर्षांनी चाचणी होते. भारताच्या राष्ट्रीय कर्करोग चाचणीत मुख, स्तन व गर्भाशयमुखाच्या कर्करोगांचा समावेश आहे, जठराचा नाही. येथे बहुतेक रुग्णांचे निदान रोग वाढल्यावर होते. त्यामुळे पूर्व आशियातील यशाचे आकडे भारतातील सर्वसामान्य रुग्णास जसेच्या तसे लागू करता येत नाहीत.