बंदिवानांचा वध

रणांगणावर सशस्त्र शत्रूशी झुंजणे हा वीराचा धर्म होय. परंतु ज्याने शस्त्र खाली ठेविले, अथवा जो जखमी होऊन हाती सापडला, त्याचा वध करण्यात कोणता पराक्रम आहे? पानिपतची कथा वाचताना हा प्रश्न आम्हांस वारंवार पडतो.

आपल्या बीदर जिल्ह्याला लागूनच असलेल्या उदगीर येथे १७६० च्या प्रारंभी मराठ्यांनी निजामावर विजय मिळविला. त्या लढाईत गाजलेला इब्राहिमखान गारदी १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठ्यांच्या बाजूने निष्ठेने लढला, घायाळ होऊन पकडला गेला आणि कैदेतच मारला गेला. तरुण जनकोजी शिंदे यांचीही तीच गत झाली. सामान्य बंदिवान तर सहस्रावधी कापले गेले. त्यांची नावेही इतिहासास ठाऊक नाहीत.

हे वाचून रक्त उसळते. तथापि इतिहासाचे मागचे पानही उलटले पाहिजे. जानेवारी १७६० मध्ये बुराडी घाटावर घायाळ दत्ताजी शिंद्यांचा शिरच्छेद कुतुबशहाने केला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात कुंजपुरा जिंकल्यावर मराठ्यांनी पकडलेल्या कुतुबशहाचे मस्तक उतरविले. तो सूड समजण्यासारखा आहे. पण न्याय्य म्हणता येत नाही.

“काळच तसा होता,” असे कोणी म्हणेल. ही सबब लटकी आहे. शत्रुपक्षातीलच शुजाउद्दौल्याने कित्येक हजार मराठ्यांस आपल्या छावणीत आसरा दिला व अब्दालीच्या सैनिकांपासून त्यांच्या रक्षणार्थ पहारे बसविले, असे त्याच्या पदरी असलेल्या काशीराजाने लिहून ठेविले आहे. म्हणजे दया त्या काळीही अशक्य नव्हती.

१९४९ च्या जिनिव्हा करारान्वये बंदिवानाचे रक्षण हा राष्ट्राराष्ट्रांतील नियम झाला. १९७१ च्या युद्धात शरण आलेले सुमारे ९३,००० पाकिस्तानी कैदी भारताने पुढे सुखरूप मायदेशी धाडले. त्यामुळे आपला विजय उणावला नाही, उजळलाच. उलट १९९९ मध्ये कॅप्टन सौरभ कालिया व त्यांचे पाच सहकारी पाकिस्तानच्या हाती सापडले, तेव्हा त्यांचे छिन्नविच्छिन्न देह परत आले. त्यांच्यासाठी न्याय मागताना आपला आवाज खणखणीत राहतो, तो आपण नियम पाळला म्हणूनच.

विद्यार्थिमित्रहो, पानिपतच्या बंदिवानांसाठी आपण अवश्य अश्रू ढाळावेत. परंतु कुंजपुऱ्याच्या आठवणीने ज्याची मान किंचित खाली जाते, त्याचाच शोक खरा, असे आम्हांस वाटते.