शाळेत कॅबिनेट उघडा

‘कॉम्प्युटर स्लो झालाय, नवा घ्यावा का?’ दुरुस्तीच्या माझ्या दुकानातला हा रोजचा प्रश्न. मी आधी कॅबिनेटचं झाकण काढून दाखवतो. बहुतेकदा प्रोसेसर ठीक असतो. अडतं ते मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या जुन्या हार्ड डिस्कपाशी. तिथे एसएसडी बसवली, ४ जीबी रॅमची ८ केली, की तेच मशीन पुन्हा पळू लागतं. वीज गेली की रॅममधलं पुसलं जातं, डिस्कवरचं राहतं, हेही दहावीच्या कित्येक मुलांना ठाऊक नसतं. प्रत्येक शाळेनं एखादा बंद पडलेला कॉम्प्युटर, प्लग काढून, मुलांच्या हाती द्यावाच. मदरबोर्डवरची रॅम त्यांना काढू द्या, पंख्यावरची धूळ झटकू द्या. वीजपुरवठा करणारा एसएमपीएसचा डबा मात्र उघडू देऊ नका; प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये जोरदार झटका देण्याइतकी वीज उरलेली असू शकते.