पडद्यावरचे बाजीराव आणि आपण

'बाजीराव मस्तानी' (२०१५) आपल्या बहुतेक घरांत पाहिला गेला. स्पष्टच सांगायचे तर माळव्यातल्या मराठी प्रेक्षकाची या चित्रपटाने निराशा केली. काशीबाई आणि मस्तानी 'पिंगा' घालतात, खुद्द पेशवे 'मल्हारी'वर नाचतात. पण १७२८ साली पालखेडला निजामाला कोंडीत पकडणारी घोडदौड दिसत नाही. त्याच निजामाला भोपाळला घेरून जानेवारी १७३८ मध्ये दोराह्याच्या तहात माळव्यावरचा मराठ्यांचा हक्क कबूल करून घेतला, तेही नाही. आपली घराणी इथे रुजली ती याच राजकारणामुळे.

चित्रपट ना. सं. इनामदारांच्या 'राऊ' कादंबरीवर बेतलेला आहे, तो इतिहास नव्हे, हे मान्य. त्या वेळी पुण्यात खेळ बंद पाडले गेले, तेही आम्हाला पटले नाही. खेळ बंद पाडून मुलांना पालखेड कळत नाही.

बाजीरावांनी देह ठेवला ते रावेरखेडी आपल्याच खरगोन जिल्ह्यात, नर्मदाकाठी आहे. आपल्यापैकी किती जण मुलांना घेऊन त्या समाधीवर गेले? चित्रपटाला नावे जरूर ठेवावीत. पण २८ एप्रिलला, पुण्यतिथीच्या दिवशी, प्रत्येक घराने एकदा तरी तिथे जाऊन यावे.